ओट्यावर बसून लिहिलेली वयं

हे लिहायचंच नाही, असं सम्राटनं जवळजवळ ठरवलं होतं. दोनदा त्यानं मशीनमध्ये कागद घातला आणि दोनदा काढून घेतला. एकदा तर पहिली ओळ टाइप झाली होती, 'मी खाली सही करणार', आणि पुढं बोटंच हलेनात. शेवटी जे व्हायचं ते होऊन गेल्यावर त्यानं हे कागदावर आणलं. तेही एका बैठकीत नाही. पाच ओळी आज, दहा ओळी परवा. नाव कुणाचंच लपवलेलं नाही, त्याचं स्वतःचं तर नाहीच.

सम्राट तालुक्याच्या कचेरीबाहेर पत्र्याच्या आडोशाला बसून अर्ज टाइप करून द्यायचा. बारावी नापास. टायपिंगच्या क्लासाचं तोंडसुद्धा बघितलेलं नाही. एका म्हाताऱ्या टायपिस्टाच्या मागं उभा राहून, त्याची बोटं बघून बघून शिकला. दोनच बोटं चालायची. टकटकटक एक ओळ, मग थांबायचं, मान खाजवायची, पुन्हा टकटकटक. सातबारा, वारसनोंद, रेशनकार्डातलं नाव कमी करणं, सगळं यायचं. पण सत्त्याण्णव सालात सगळ्यात जास्त अर्ज यायचे ते निराधार म्हाताऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी पैशांचे. सरकार त्याला अनुदान म्हणायचं, लोक पगार म्हणायचे.

हा पगार आला आणि राजूरकडच्या डोंगरातल्या त्यांच्या जांभूळटेकच्या बौद्धवस्तीत म्हाताऱ्यांचे दोन गट पडले. पगारवाल्या आणि बिनपगारी. तरणी माणसं नारायणगावला भाजीच्या मळ्यांत, नाहीतर नाशिकला बांधकामावर. वस्तीत राहिलेली निम्मी डोकी पांढरी. त्यातल्या पगारवालीला सकाळचा चहा दुधाचा आणि पहिला. बिनपगारीला उरलेला, कोरा. कुणी ठरवून केलं नव्हतं. सुना काही राक्षसिणी नव्हत्या. पण घरात आणणाऱ्याचं ताट आधी वाढायची सवय सगळ्यांनाच असते, आणि ती सवय आता सासूपर्यंत येऊन पोचली होती.

सम्राटची आजी बनुबाई पगारवाली. आईबाप नाशिकला असल्यामुळं घरात आजी आणि नातू दोघंच. शेजारच्या घरातली मनकर्णाबाई बिनपगारी. दोन्ही घरांची भिंत एक. वस्तीतली सगळी पोरं मनकर्णाबाईला थोरली आजी म्हणायची. सम्राटसुद्धा.

मार्चातल्या एका सोमवारी मनकर्णाबाईचा नातू योगेश तिला जीपमधून कचेरीत घेऊन आला. योगेश म्हणजे सम्राटचा बालवाडीपासूनचा दोस्त. नारायणगावला टेम्पोवर होता, दोन दिवसांची सुट्टी काढून आला होता.

"सम्राट, ह्या बारीला असा अर्ज लिव की भाऊसाहेबाच्या डोळ्यात पानी आलं पायजे," योगेश म्हणाला.

"भाऊसाहेबाच्या डोळ्यात पानी न्हाई, मोतीबिंदू हाय," सम्राट म्हणाला. थोरली आजी बोळक्या तोंडानं हसली. दाराशी चपला काढून, पदर सावरून ती आत गेली. ज्या दारात लोक बुटासकट जात होते तिथं ती एकटी अनवाणी.

पगाराचे अर्ज तपासणारे कारकून रंगनाथ भाऊसाहेब कागद उलटसुलट करत बसले. माणूस वाईट नव्हता. थकलेला होता.

"ओळखपत्रावर वय काय आहे? पन्नास. चौऱ्याण्णवचं कार्ड. म्हणजे आज त्रेपन्न. पासष्ट पूर्ण लागतात. अजून बारा वर्षं."

"भाऊसाहेब, तिच्याकडं बघा तरी," योगेश म्हणाला.

"बघून काय करू? माझ्या डोळ्यांना कुठं शिक्का आहे?" भाऊसाहेबांनी योगेशच्या बापाचं, पुंजारामचं कार्ड उचललं, आणि थांबले. "पुंजाराम, पंचेचाळीस. आई पन्नास." त्यांनी चष्मा काढला. "काय गं बाई, पाच वर्षांची असताना बाळंत झालीस का?"

कचेरीतले दोघंतिघं हसले. थोरली आजीही हसली, कारण सगळे हसत होते.

"म्हंजी चूक दिसती ना तुमाला?" योगेश म्हणाला.

"दिसते. पण दुरुस्तीचा अधिकार मला नाही. अरे, म्हातारी माणसं दर साली वाढतायत, आणि तालुक्याचा कोटा आहे तेवढाच. कुणाला घ्यायचं, कुणाला नाही? वय हीच आमच्या हातातली चाळणी. जे खाली पडलं ते पडलं."

"साहेब, मी सांगते ना," थोरली आजी पुढं सरकली. "भंडारदऱ्याचं धरण बांदत हुते, तवा माजी आय तिथं चुन्याच्या घान्यावर..."

"धरणाचा दाखला चालत नाही, आजी. पुढचा या."

सरकारी डॉक्टरचा दाखला आधीच आणून झाला होता. डॉक्टरनं तोंड उघडायला लावून सत्तर लिहून दिले होते. "बैल घेताना बगत्यात तसे दात बगितले बाई त्यानं," ती सगळ्यांना सांगायची. पण छापील कार्डापुढं हाताच्या अक्षराचा दाखला टिकला नाही.

बाहेर आल्यावर योगेश चिडून बोलला, "ज्या कुनी भाड्यानं हे पन्नास लिवलंय ना, त्याची बोटं झडूदेत."

सम्राट हसला. हसायला नको होतं, पण हसला. आणि टायपराइटरवरची आपली दोन बोटं त्यानं मांडीखाली घेतली.

कारण ते पन्नास त्यानंच लिहिले होते.

चौऱ्याण्णव साली मतदारांच्या फोटोच्या ओळखपत्राचं काम निघालं, तेव्हा घरोघर फॉर्म भरायला रोजावर पोरं घेतली होती. सम्राट एकवीसचा. आपल्याच वस्तीतली घरांची एक ओळ वाट्याला आली म्हणून खूश; बाकीची घरं दुसऱ्या पोरांकडं. दिवसाला ठरलेले फॉर्म संपवायचे होते. दुपार झालेली, ऊन तापलेलं. अर्ध्या बाया सरपणाला, अर्ध्या नागलीच्या शेतात. त्यानं काय केलं, तर रेशनकार्डं गोळा केली आणि स्वतःच्या ओट्यावर बसून अख्खी ओळ लिहून काढली. बाप्यांची वयं शाळेच्या दाखल्यावरून नाहीतर अंदाजानं. म्हाताऱ्या बायांना सरसकट पन्नास. अकरा जणी होत्या. खोडाखोड नको, हिशेब नको, पन्नास दिसायलाही बरं दिसतं. आज नाही तर उद्या ह्या आकड्याला कुणी काही विचारील, असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. बाईमाणसाचं वय, कोण बघतंय?

फक्त एका म्हातारीचं वय त्यानं नीट मोजलं. स्वतःच्या आजीचं. ती शेजारीच तांदूळ निवडत बसली होती. "धरन पुरं झालं सव्वीस साली, तितं दगडावर लिवलंय बग. त्याच्यानंतर दोन वर्सांनी मी," ती म्हणाली. त्यानं बोटांवर मोजलं आणि सहासष्ट लिहिलं. कुठली लबाडी नव्हती त्यात. खरं तेच लिहिलं. पण खरं शोधायचे कष्ट त्यानं आपल्याच घरापुरते घेतले. तोंडानं जिला थोरली म्हणत आला, तिला कागदावर आपल्या आजीहून सोळा वर्षांनी धाकटी करून टाकली.

कचेरीतून हात हलवत परत आल्यावर योगेश नारायणगावला निघून गेला. जाताना सम्राटच्या घरी पायलीभर काळभात, डोंगरातला वासाचा तांदूळ, ठेवून गेला. "टायपिंगचे पैसे तू घेत न्हाईस, हे तरी घे. तू हायेस म्हनून आमचं कुनीतरी ऐकतंय." तो भात बनुबाईनं शिजवला. अख्ख्या घरात वास सुटला. सम्राटला दोन घास जाईनात.

पलीकडं भिंतीच्या आडून योगेशची आई बोलत होती. आवाज सासूला ऐकू जाईल एवढा होता. "आमच्या म्हातारीला सरकारनं जवान ठरवलंय. जवान मानूस बसून कसं खाईल? वरच्या अंगाला पाजर तलावाचं काम निघालंय, हजेरीवर नाव लागलं तर चार दानं तरी येतील."

रोजगार हमीच्या कामावर एरवी म्हाताऱ्या माणसाला घेत नसत. पण मुकादमानं कार्ड मागितलं आणि पन्नास बघितले. नाव लागलं. थोरली आजी दुसऱ्या दिवसापासून डोक्यावर चुंबळ घेऊन निघाली. सम्राट तालुक्याला जायला निघायचा तीच वेळ. वाटेत भेटली की म्हणायची, "काय रं सायेब? बग, नोकरी लागली मला." चेष्टा करायची ती. 

एप्रिलाच्या सुरुवातीला पोस्टमन कारभारीतात्या सायकल ढकलत चढ चढून आले. बनुबाईची मनीऑर्डर. त्यांनी शाईचं पॅड उघडून ओट्यावर ठेवलं. "आण अंगठा, बनाक्का."

बनुबाई हललीच नाही.

"न्हाई घेत."

"काय झालं? मागल्या टायमाला उशीर झाला म्हणून रागावलीस व्हय?"

"तुमच्यावर न्हाई हो तात्या. परत न्या. ज्यानं धाडलंय त्याला सांगा, पलीकडच्या घरातलीला मिळालं की मग माजं घिईन."

"असं नसतं गं. परत गेली तर पुढची बंद पडंल."

"पडूद्या."

तात्यांनी सम्राटकडं बघितलं. सम्राट म्हणाला, "आजी, येडेपना करू नको. अंगठा दे."

तेव्हा बनुबाई वळली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"माजं वय तू धरनावरनं मोजलंस ना? ती तर धरनाच्या आदीची हाय. म्हायेरी माजी आय शेतावर जायची, तवा मनाबायच्या, ह्या तुज्या थोरलीच्या, कडंवर मला देऊन जायची. तिच्या कडंवर वाडले मी, सम्राट. आन आता मी दुदाचा चा पिते आन ती माती वाहती. तू हितंच बसून लिवलंस. ह्याच जागी. मी तांदूळ निवडत हुते. मी बगत हुते आन मी बी बोलले न्हाई, मला वाटलं आसंल काईतरी सायबाचं काम. तुजी एक चूक आन माजी एक. मी माजी फेडती. तुजं तू बग."

कारभारीतात्यांनी पॅड मिटलं. सायकल फिरवली आणि उतार उतरून गेले.

त्याच दिवशी सम्राटनं मशीनमध्ये कागद घातला. टकटकटक. 'मी प्रतिज्ञेवर लिहून देतो की, सन १९९४ साली मौजे जांभूळटेक येथील अकरा स्त्रियांची वयं मी त्यांना न विचारता, अंदाजानं लिहिली.' पूर्ण टाइप केलं. सही मात्र राहिली. कागद घडी करून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी रंगनाथ भाऊसाहेबांना त्यानं आडून विचारलं, असं कुणी कबूल केलं तर काय होतं? ते म्हणाले, "खोटी माहिती भरली म्हणून चौकशी लागेल. पुढचं मला माहीत नाही. पण तू ज्या आडोशाला बसतोस ना, तिथं तो माणूस परत बसणार नाही, एवढं सांगतो. का रे?"

"काई न्हाई. सहज."

मग तो उद्यावर ढकलत गेला. गुरुवारी देऊ. बाजार उरकला की देऊ. साहेब रजेवर आहेत. अशा आठ दिवसांत कागदाच्या घड्या मळून काळ्या झाल्या. थोरली आजी रोज वाटेत भेटायची. तो आता वाट बदलून जायला लागला होता.

नवव्या दिवशी तलावाच्या भरावावरून मातीची पाटी घेऊन चढताना तिचा पाय निसटला. मांडीचं हाड गेलं. मुकादमाच्या ट्रॅक्टरमधून दवाखान्यात नेली. पुंजाराम बिचारा हात जोडून उभा. सम्राट कागदपत्रं घेऊन मागं. डॉक्टरनं केसपेपर बघितला.

"त्रेपन्न? हे कुणी लिहिलं?" डॉक्टर म्हणाला. "अहो, ह्या वयात हाड जुळत नाही. हिला कामावर घेतली कुणी?"

पुंजाराम म्हणाला, "कार्डावर तसंच हाय, सायेब." सम्राट भिंतीवरचा पोलिओचा बोर्ड वाचत राहिला. 

घरी आणली. पडवीत खाट टाकली. तीच सून, जी भिंतीआडून बोलायची, आता तिचं सगळं करत होती. कुशीवर वळवत होती, चमच्यानं पेज भरवत होती आणि तोंड फिरवून रडत होती. "मी कशाला बोलले गं बाई," एवढंच तिचं चाललेलं. सम्राट तिच्याजवळून जाताना मान खाली घालायचा. ती स्वतःला दोष देत होती, आणि दोष ज्याचा तो कागद खिशात घेऊन फिरत होता.

एका दुपारी तो खाटेपाशी जमिनीवर बसला.

"थोरली आजी, तुजं वय किती गं?"

तीन वर्षांपूर्वी विचारायचा प्रश्न.

तिनं डोळे उघडले. कुणीतरी विचारलं म्हणून तिच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. "धरनाचं काम सरत आलं हुतं बग. आय मला तितं न्यायची. लोकांनी शेवटचा दगुड बसवला तवा गूळ वाटला. मला चावता यीना, म्होरचे दुदाचे दात पडले हुते. आयनं दगडावर ठिचून दिला." ती थांबली. "लई ग्वाड हुता."

दुधाचे दात पडलेले, म्हणजे सहा वर्षांची. सव्वीसातून सहा गेले. वीसचा जन्म. सम्राटनं बोटांवर मोजलं. सत्त्याहत्तर. मिनिटभराचं काम होतं. गोष्टीसकट फार तर पाच मिनिटं.

"आजी, ते कार्डावरचं..." त्यानं सुरुवात केली. पण तिचा डोळा लागला होता. त्यानं उठवलं नाही. उठवलं नाही की उठवायचं धाडस झालं नाही, हे त्याचं त्यालाच माहीत.

पडल्यापासून बाराव्या दिवशी ती गेली. योगेश नारायणगावहून आला तेव्हा उशीर झाला होता. विहारापुढं वंदना झाली, माती झाली.  बनुबाई आपल्या वाट्याचा दुधाचा चहा करून रिकाम्या खाटेपाशी ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक मृत्यूची नोंद करायला आले. योगेशच्या ओट्यावर वही उघडली. वस्तीतली दहापाच माणसं बसलेली.

"नाव, मनकर्णाबाई. वय?"

पुंजारामनं खिशातून कार्ड काढून पुढं केलं. ग्रामसेवकांनी पेन टेकवलं. "त्रेपन्न."

"न्हाई," सम्राट म्हणाला. आवाज एवढा बारीक निघाला की त्याला पुन्हा म्हणावं लागलं. "न्हाई. सत्त्याहत्तर लिवा. धरन पुरं झालं तवा तिचे दुदाचे दात पडत हुते. मी तिला विचारलंय."

"कार्डावर पन्नास आहे ना?"

"ते मी लिवलं हुतं. तिला न विचारता. माज्या ओट्यावर बसून."

 योगेशची आई आतून दारापर्यंत आली आणि तिथंच खांबाला धरून उभी राहिली. सम्राटनं खिशातला मळका कागद काढला, ग्रामसेवकांचंच पेन मागून घेतलं आणि सगळ्यांसमोर सही केली. ग्रामसेवकांनी कागद वाचला, टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. शेवटी वयाच्या रकान्यात सत्त्याहत्तर लिहिलं आणि म्हणाले, "हा कागद तालुक्याला जाईल बरं का."

"जाऊद्या."

योगेश केव्हा उठून गेला ते कळलं नाही. सम्राटला तो विहाराच्या पायरीवर सापडला. सम्राट दोन पायऱ्या खाली बसला. मार खायची तयारी ठेवून.

योगेश म्हणाला, "मी म्हनलो हुतो, बोटं झडूदेत. तू हसला हुतास."

"व्हय."

"माजा भात खाल्लास?"

"दोन घास गेले न्हाईत."

"ते तरी बरं."  खाली ओढ्याला कुणाच्या तरी शेळ्या उतरत होत्या. "मी तुला मारलं तर आजी परत येनार हाय का? मी बी कुटं हुतो? टेम्पोवर. साल्या, मला बी आज कळलं तिचं वय, नातू असून. म्या बी कदी विचारलं न्हाई." त्यानं नाक पुसलं. "त्या कागदावर किती जनी हुत्या?"

"अकरा." सम्राट थांबला. "आता धा."

"त्यातल्या किती माती वाहत्यात?"

"तिगी. पार वरच्या घरची बी जाती आता."

वहीपाशी पडलेलं आजीचं कार्ड योगेश उचलून घेऊन आला होता, ते त्यानं खिशातून काढलं. फोटोत ती कॅमेऱ्याकडं घाबरून बघत होती, पदर कपाळापर्यंत. त्यानं ते सम्राटच्या हातात दिलं.

"हे ठेव तुज्यापाशी. उद्यापासनं त्या धा जनींकडं जायाचं. ओट्यावर बसून न्हाई. त्यांच्या चुलीपाशी बसायचं, सगळं ऐकून घ्यायचं, धरन म्हन, दुष्काळ म्हन, काय सांगतील ते. मग लिवायचं. आन परत्येक अर्जात पयल्या वळीत तुजं नाव, की आदीचं वय मी चुकीचं लिवलं हुतं."

"लिवीन."

"कचेरीतनं उटवलं तर?"

"तर मशीन हितं ह्या पायरीवर मांडीन. त्यांना न्हाई मिळालं, तर साहेबाच्या म्होरं नेऊन उभ्या करीन. पगार सुरू हुईस्तवर सोडनार न्हाई."

"आन तुज्या आजीनं परत केलेली मनीआर्डर?"

"ती म्हनती, ह्या धाजनींचं झालं की माजं बगू."

योगेशनं मान हलवली. उठला. दोन पायऱ्या उतरून सम्राटच्या बरोबरीला येऊन बसला. दोघांच्या मध्ये कार्ड होतं.

"शब्द दे," तो म्हणाला.

सम्राटनं कार्डावर हात ठेवला. "दिला. आन योग्या, ह्याच्यापुडं विचारल्याबिगर एकाबी मानसाचं वय मी लिवनार न्हाई."